नांवाचा धनी

लहान मुलांस घालण्याचें एक जुनें कोडें आहे : वस्तु तुझी, पण ती वापरतात दुसरेच; ती कोणती? उत्तर अर्थात् 'नांव'. कोडें मुलांचें असलें तरी त्यांतील गोष्ट पोक्त माणसांनींही विचार करण्याजोगी आहे. शेत, घर, पैसा या वस्तु आपण आपल्या ताब्यांत ठेवूं शकतों. त्यांस कुंपण घालतां येतें, कुलूप लावतां येतें. नांवाचें तसें नाहीं. दुसऱ्याच्या तोंडीं गेल्याशिवाय नांवाचा उपयोगच होत नाहीं, आणि एकदां तें दुसऱ्याच्या तोंडीं गेलें म्हणजे त्यानें तें कशासाठीं उच्चारावें हें आपल्या हातीं राहत नाहीं. यांतूनच नीतीचा एक प्रश्न उत्पन्न होतो, आणि त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न असा : आपलें नांव घेऊन दुसऱ्या कोणी तिसऱ्यास फसविलें, तर त्या फसवणुकीचा कांहीं दोष नांवाच्या धन्याकडे येतो काय?

या प्रश्नास आजवर सामान्यतः एकच उत्तर मिळत आलें, तें म्हणजे 'नाहीं'. लबाडी ज्यानें केली दोष त्याचा. ज्याचें नांव चोरीस गेलें तो तर उलट अन्याय सोसणारा. त्याला दोष देणें म्हणजे ज्याच्या घरीं दरोडा पडला त्यासच दंड करण्यासारखें आहे. हें उत्तर चुकीचें होतें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तें एका परिस्थितीस धरून होतें. आपल्या नांवानें दूर देशीं कोण काय लिहितो हें कळण्याचा किंवा तें थांबविण्याचा उपाय धन्यापाशीं नव्हता. आणि जें करणें शक्यच नाहीं तें कोणाचें कर्तव्यही असूं शकत नाहीं, हें नीतिशास्त्राचें साधें तत्त्व आहे. परंतु या तत्त्वाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जें काल अशक्य होतें तें आज सुलभ झालें, तर काल नसलेलें कर्तव्य आज जन्मास येऊं शकतें. ईमेलच्या व्यवहारांत गेल्या वीस वर्षांत नेमकें हेंच घडलें आहे. स्वतःचें डोमेन, म्हणजे महाजालावर नोंदलेलें नांव, बाळगणाऱ्या प्रत्येकास आतां त्या नांवापुढें तीन लहान नोंदी लिहून तोतयांस पुष्कळ अंशीं अटकाव करितां येतो. हा विषय यंत्रज्ञांचा, तो वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या नोंदी कशा लिहाव्या हें यंत्रज्ञ सांगतात. त्या न लिहिणें हा दोष आहे काय, हें ठरविणें त्यांचें काम नव्हे.

ईमेल वाहून नेण्याचे जे नियम आजही या व्यवहाराच्या मुळाशीं आहेत, ते १९८२ सालीं जॉन पोस्टेल या अमेरिकन शास्त्रज्ञानें लेखनिविष्ट केले. त्या काळीं हें जाळें कांहीं विद्यापीठें, संशोधनसंस्था व लष्करी खातीं यांच्यापुरतें होतें, आणि त्यावर वावरणारी मंडळी थोडी व बहुधा एकमेकांस ठाऊक असलेली होती. ज्या वाड्यांत सगळे घरचेच, तेथें दाराशीं कोण आला म्हणून पुरावा मागण्याची पद्धति नसते. त्यामुळें पत्रावर जें नांव घातलें आहे तें घालणाऱ्याचेंच आहे कीं काय, हें तपासण्याची तरतूद त्या नियमांत नव्हती. शिवाय ईमेलच्या पत्रासही कागदी पत्राप्रमाणें दोन ठिकाणीं नांव असतें. एक लिफाफ्यावरचें, तें टपाल वाहणाऱ्या यंत्रांसाठीं. दुसरें आंतील पत्राच्या मथळ्यावरचें, तें वाचणाऱ्यासाठीं. हीं दोन नांवें एकच असलीं पाहिजेत असा निर्बंध नाहीं, आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीस लिफाफा बहुधा पडतच नाहीं. म्हणजे कोणी कोठेंही बसून बँकेच्या, सरकारी कचेरीच्या किंवा महाविद्यालयाच्या नांवानें पत्र धाडावें, आणि वाचणाऱ्यास मथळ्यावर तेंच नांव दिसावें, असा हा मामला होता. पुढें त्या वाड्याचें शहर झालें, शहराचें जग झालें. दार मात्र तसेंच उघडें राहिलें.

पत्र खरें कीं खोटें ही अडचण आपल्याकडील राज्यकारभारास नवी नव्हती. मराठेशाहींतील राजपत्रांच्या मस्तकीं मुद्रा असे, आणि मजकूर संपल्यावर शेवटीं लहान शिक्का उठवून मोर्तब होत असे. अशा कित्येक शिक्क्यांवरील अक्षरांचा अर्थच मुळीं 'येथें पत्राची मर्यादा झाली' असा आहे. हेतु उघड आहे : धन्यानें जेथें लेखणी थांबविली त्याखालीं दुसऱ्या कोणी एक ओळही जोडूं नये. मुद्रा सांगते, हें पत्र कोणाचें. मोर्तब सांगतें, तें कोठवर त्याचें.

इतक्या बंदोबस्तांतूनही लबाडी कशी शिरते याचीं दोन उदाहरणें महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहेत. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. रघुनाथरावानें 'धरावें' म्हणून लिहिलेल्या हुकमांत आनंदीबाईनें 'ध'चा 'मा' केला, ही त्यासंबंधींची आख्यायिका इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते हा प्रश्न वेगळा. पण तिच्यांत कल्पिलेली लबाडी ध्यानांत घेण्यासारखी आहे. हुकूम देणारा खरा, कागद खरा, नेणारा माणूस खरा. खोटें होतें तें एक अक्षर. दुसरें उदाहरण तोतयाचें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण पुढें 'मीच भाऊ' म्हणणारा एक मनुष्य निघाला, १७७६ सालीं त्यानें कोंकणांत फौज जमवून किल्लेही घेतले, आणि अखेर पकडला जाऊन त्याच सालीं त्यास पुण्यास देहान्त शासन झालें. येथें अक्षर बदललेलें नव्हतें. अख्खा मनुष्यच खोटा होता. तो इतके दिवस खपला याचें कारण असें कीं, ज्याचें नांव तो सांगत होता तो धनी 'हा मी नव्हे' असें म्हणावयास जिवंत नव्हता, आणि भाऊ परत यावे असें मनापासून वाटणारे लोक पुष्कळ होते. फसवणुकीस लबाडाच्या कौशल्याइतकीच फसणाऱ्याची इच्छाही कारण होते, हें यावरून दिसून येईल.

तेव्हां हातीं आलेल्या पत्राविषयीं तीन शंका संभवतात. तें आणणारा जासूद धन्याच्याच पागेंतला काय? मजकुरांत वाटेंत कोणी हात घातला नाहीं ना? आणि ज्याचें नांव मथळ्यावर दिसतें त्याचेंच हें पत्र काय? ज्या तीन नोंदींविषयीं आम्ही बोलत आहों, त्या स्थूलमानानें या तीन शंकांचीं उत्तरें आहेत.

या नोंदी जेथें लिहावयाच्या ती बही म्हणजे डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस यानें १९८३ सालीं तिची योजना केली. महाजालावरील कोणतेंही नांव कोठें वसतें हें विचारण्यासाठीं जगांतील यंत्रें तिच्याकडे जातात. तिचें वैशिष्ट्य असें कीं, ती वाचण्यास सर्वांस मुभा आहे. परंतु एका नांवापुढचें पान लिहिण्याचा अधिकार त्या नांवाच्या धन्यास, किंवा त्यानें नेमलेल्या माणसास, असतो. म्हणून तेथें लिहिलेला शब्द हा धन्याचा जाहीर शब्द होय.

पहिली नोंद एसपीएफ या नांवाची. तींत धनी आपल्या वतीनें टपाल धाडणाऱ्या यंत्रांची यादी देतो आणि शेवटीं, या यादीबाहेरचे ते परके, असें लिहितो. नोंद एका ओळीची आहे. पण ती लिहावयास बसलें म्हणजे कळतें कीं, आपल्या नांवानें कोण कोण बोलतें हें आपणांसच नीट ठाऊक नाहीं. पत्रें एका कंपनीच्या यंत्रावरून जातात, बिलें हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून परस्पर जातात, पगारपत्रकें तिसरीकडून, जाहिराती चौथीकडून. आणि संकेतस्थळावर एखाद्यानें चौकशी केली तर त्याची पोंच पांचवें यंत्र धाडतें. यांतलें एक यादींत घालावयाचें राहिलें तर आपलेंच खरें पत्र परकें ठरतें. उलट वाटेल त्यास यादींत घेतलें तर यादीस अर्थ राहत नाहीं. त्यासाठीं मर्यादाही घातलेली आहे : ही ओळ तपासतांना आणखी दहांपेक्षां अधिक ठिकाणीं विचारणा करावी लागली तर ती ओळ निरुपयोगी मानतात, आणि एका नांवापुढें अशा दोन ओळी आढळल्या तरी दोन्ही फुकट जातात. दोन तोंडांनीं बोलणाऱ्याची साक्ष धरावयाची नाहीं, हा न्याय येथेंही आहे. आणखी एक बारकावा सांगण्यासारखा आहे. ज्या डोमेनवरून पत्रें धाडावयाचींच नसतात, त्याच्या धन्यानेंही 'माझ्या वतीनें कोणीच पत्र धाडीत नाहीं' अशी ओळ लिहावी, असें जाणते लोक सांगतात. जो मुळीं बोलत नाहीं त्याच्या नांवानें बोलणें तोतयास सर्वांत सोपें. कारण त्याचा खरा आवाज कोणी ऐकलेला नसतो.

दुसरी नोंद डीकेआयएम. हिच्या मुळाशीं असलेली कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केली. किल्ल्यांची एक जोडी करावयाची. एक धन्यानें गुप्त ठेवावयाची, दुसरी बहींत सर्वांसमक्ष टांगून ठेवावयाची. गुप्त किल्लीनें प्रत्येक पत्रावर गणिताची मोहोर उठते आणि उघड किल्लीनें ती कोणासही पडताळतां येते. लाखेच्या मोहोरेंत आणि हिच्यांत मोठें अंतर आहे. लाखेवरील ठसा प्रत्येक पत्रावर तोच, म्हणून एकदां त्याची नक्कल साधली कीं हजार खोट्या पत्रांवर तो उठवितां येतो. येथें मोहोर त्या त्या पत्राच्या मजकुरांतूनच जन्मास येते; एका पत्रावरची उचलून दुसऱ्यावर लावली तर ती लागू पडत नाहीं. मजकुराचें एक अक्षर बदललें तरी मोहोर फुटली असें पाहणाऱ्यास कळतें. 'ध'चा 'मा' करणाऱ्यास या व्यवस्थेंत जागा नाहीं.

तिसरी नोंद डीमार्क. ही २०१२ सालीं सर्वांसाठीं प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन नोंदी असूनही एक भोंक राहत होतें : लिफाफ्यावर लबाडानें स्वतःचें खरें नांव घातलें आणि आंतल्या मथळ्यावर दुसऱ्याचें, तर यादी तपासणारा लिफाफ्यापुरती खातरी करून मोकळा होई. डीमार्क सांगतें कीं, वाचणाऱ्यास दिसणारें नांव आणि यादीनें किंवा मोहोरेनें सिद्ध झालेलें नांव हीं जुळलीं पाहिजेत. शिवाय, जुळलीं नाहींत तर काय करावें याबद्दल धनी आपली इच्छा कळवितो : कांहींच करूं नका, संशयिताच्या कप्प्यांत टाका, किंवा दारांतूनच परत लावा. आणि या नोंदींत पत्ता दिला असेल तर मोठमोठीं टपालघरें बहुधा रोजच्या रोज धन्यास अहवाल धाडतात कीं, तुमच्या नांवानें अमुक यंत्रांवरून इतकीं पत्रें आलीं, त्यांतील इतकीं खरीं ठरलीं व इतकीं खोटीं.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. आतां आरंभींचा प्रश्न एका विशिष्ट ठिकाणीं नेऊन पाहूं. नगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, पारनेर तालुक्यांत पुणें-नगर रस्त्यावर सुपें म्हणून गांव आहे. भोंवतालचा मुलूख कोरडवाहू, ज्वारी-बाजरीचा. आसपासच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या फिरतांना दिसतात. येथें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे, आणि अशा वसाहतींत मोठ्या कारखान्यांच्या आधारानें सुटे भाग करणारे लहान कारखानदारही असतात. मागणी ईमेलनें येते, बिल ईमेलनें जातें, पैसे कोणत्या खात्यांत भरावे हेंही ईमेलनेंच कळतें. समजा, अशा एका लहान कारखानदाराच्या नांवानें चाकणच्या एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकास पत्र गेलें : 'आमचें बँकेचें खातें बदललें आहे, पुढील रक्कम या नव्या खात्यांत भरावी.' नांव ओळखीचें, बिलाचा आंकडा बरोबर. तेथील हिशेबनिसानें पैसे भरले. महिन्यानें सुप्याहून तगादा आला तेव्हां उलगडा झाला. गिऱ्हाईक म्हणतो, आम्हीं पैसे दिले. कारखानदार म्हणतो, मला पोंचले नाहींत. मध्यें कारखान्यांतील कामगारांचा पगार लांबतो, आणि बिचाऱ्या हिशेबनिसाची नोकरी टांगणीस लागते. लबाड सांपडला तर माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्याचें कलम ६६-ड त्याच्यासाठीं आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाख रुपयांपर्यंत दंड. पण तो बहुधा सांपडत नाहीं. मागें राहतात तीं दोन्ही माणसें प्रामाणिक असतात, आणि दोष कोणाचा हा वाद त्यांच्यांतच चालतो.

कारखानदाराचें म्हणणें साधें आहे : 'तें पत्र मीं लिहिलें नाहीं. न केलेल्या कृत्याचा जाब मीं कां द्यावा?' हें म्हणणें वजनदार आहे. तथापि त्यावर तीन गोष्टी विचारांत घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट मालकीच्या स्वरूपाची. सुपें या नांवावर पारनेरच्या सुप्याचा एकट्याचा हक्क नाहीं. बारामती तालुक्यांतही सुपें आहे; शहाजीराजांच्या जहागिरीमुळें इतिहासांत 'पुणें-सुपें' म्हणून ज्याचा उल्लेख येतो तें तेंच. दोन गांवांनीं एक नांव वांटून घेतलें, त्यांत कोणाचा अपराध नाहीं, आणि एका सुप्याच्या नांवावर झालेल्या घोटाळ्याचा जाब दुसऱ्यास कोणी विचारणार नाहीं. डोमेनचें तसें नाहीं. तें साऱ्या जगांत एका वेळीं एकाच धन्याचें असतें. दुसऱ्या कोणास तें घेतां येऊं नये म्हणून तर आपण दरसाल पैसे भरतों. ज्या नांवावर इतरांस हक्क नाहीं असें आपण जगास सांगतों, त्या नांवाची राखण इतरांनीं करावी असें मात्र आपणांस म्हणतां येत नाहीं. अनन्य हक्काबरोबर अनन्य जबाबदारीही येते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. त्या हिशेबनिसानें मथळ्यावरचें नांव पाहून पैसे भरले, याचें कारण वर्षानुवर्षें त्याच नांवानें आलेलीं पत्रें खरीं निघालीं होतीं. तो विश्वास त्याच्या ठायीं कोणी उत्पन्न केला? कारखानदारानेंच. प्रत्येक खऱ्या पत्रानें त्यानें गिऱ्हाइकास शिकविलें कीं, हें नांव दिसलें म्हणजे शंका घेऊं नये. या शिकवणीचा फायदा त्यानें घेतला. मग तिच्यांतून निघणाऱ्या धोक्याकडे पाठ फिरविणें त्यास शोभत नाहीं.

तिसरी गोष्ट काळजीची, आणि येथें एक जुना खटला उपयोगी पडेल. मॅकमिलन आणि आर्थर या लंडनच्या पेढीच्या एका कारकुनानें दोन पौंडांचा चेक भागीदारापुढें सहीसाठीं ठेवला. आंकडा असा लिहिलेला होता कीं त्याच्या दोन्ही अंगांस मोकळी जागा होती, आणि अक्षरी रक्कम लिहिलेलीच नव्हती. भागीदारानें सही केली. कारकुनानें मागाहून दोनाचे एकशें वीस केले व पैसे घेऊन पोबारा केला. १९१८ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निकाल दिला कीं नुकसान पेढीचें, बँकेचें नव्हे. कारण लबाडी सहज साधेल अशा रीतीनें चेक न लिहिण्याची काळजी घेणें हें गिऱ्हाइकाचें बँकेप्रत कर्तव्य होय. आपल्याकडे अक्षरी रकमेपुढें 'फक्त' किंवा 'मात्र' लिहून रेघ ओढण्याची जी रीत आहे, तिच्यांतही हेंच शहाणपण आहे. तो 'मात्र' म्हणजे सामान्य माणसाचें मोर्तब. कोणी म्हणेल, चेकवर सही तरी केली होती. येथें कारखानदारानें कांहींच केलें नाहीं. तें खरें. म्हणून कायद्यानें त्यास जबाबदार धरावें असें आमचें म्हणणें नाहीं. पण नीतीच्या दृष्टीनें मोकळी जागा ठेवून सही करणें आणि मोकळें नांव जगांत सोडून देणें यांत फार अंतर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दोन्ही ठिकाणीं एक रेघ ओढली असती तर भागलें असतें.

आतां हा दोष सर्वांस सारखाच लागतो काय? खास नाहीं. दोषाचें माप ज्ञान, सामर्थ्य आणि नांवाचा प्रसार या तिहींवर ठरलें पाहिजे. ज्या बँकेच्या नांवावर लाखों लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, ज्या सरकारी कचेरीच्या पत्रानें खेडुताची झोंप उडते, ज्या विद्यापीठाच्या नांवानें गरीब विद्यार्थ्याकडून फी मागतां येते, त्यांनीं या नोंदी न लिहिणें यास आम्ही हयगय म्हणूं. त्यांच्याकडे माणसें आहेत, पैसा आहे, सल्ला आहे. सुप्याचा लहान कारखानदार दिवसभर लेथपाशीं उभा असतो. डोमेन त्यानें कोणा दलालाकडून घेतलें, आणि अशा कांहीं नोंदी असतात हें त्यास कोणीं सांगितलेंच नाहीं. त्याच्यापेक्षां, नांव विकून पैसे घेणाऱ्या आणि त्याच्या राखणीबद्दल मौन पाळणाऱ्या दलालाकडे अधिक दोष जातो. अज्ञान ही क्षमा मागण्याजोगी सबब आहे. मात्र तें जाणूनबुजून जपलेलें नसावें.

जपलेल्या अज्ञानाचा, किंबहुना जपलेल्या निष्क्रियतेचा, एक नमुना डीमार्कच्या नोंदींतच सांपडतो. 'कांहींच करूं नका' असें जें पहिलें वचन वर सांगितलें, तें आरंभापुरतें आहे. खरें पत्र चुकून परत जाऊं नये म्हणून कांहीं आठवडे नुसते अहवाल पाहावे, यादी पुरी करावी, मग संशयिताच्या कप्प्याकडे व अखेर दारांतून परत लावण्याकडे यावें, हा शहाणा क्रम होय. परंतु पुष्कळ धनी पहिल्या पायरीवरच कायमचे बसून राहतात. रोज अहवाल येतो कीं, तुमच्या नांवानें अमुक इतकीं खोटीं पत्रें गेलीं. आणि धनी तो न उघडतां बाजूस सारतो. नोंदी नव्हत्या तेव्हां 'मला ठाऊक नव्हतें' असें म्हणण्याची सोय तरी होती. आतां तीही उरली नाहीं. डोळ्यांदेखत चाललेल्या अन्यायाविषयीं साक्षीभाव हा वेदान्तांत भूषण असेल, व्यवहारांत तो भ्याडपणाचा शेजारी आहे.

इतकें म्हटल्यावर दुसऱ्या बाजूचाही न्याय केला पाहिजे, कारण कडक पहाऱ्यानें निरपराध्यासही इजा होते. एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानें महाविद्यालयाच्या पत्त्यावर येणारीं पत्रें आपल्या घरच्या पत्त्याकडे वळवून घेतलेलीं असतात. पत्र वळविणारें यंत्र मूळ धन्याच्या यादींत नसतें, म्हणून यादीच्या हिशेबानें तें खरें पत्रही परकें ठरतें. मोहोर शाबूत असली तर तें वांचतें. पण वाटेंत कोणीं तळाशीं दोन ओळींची सूचना जोडली तर मोहोरही फुटते, आणि निरपराध पत्र दारांतून परत जातें. दुसरें असें कीं, या नियमांची सक्ति ही कोणा लोकसभेनें केलेली नाहीं. गूगल आणि याहू या दोन कंपन्यांनीं फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रें धाडणाऱ्यांस तिन्ही नोंदी आवश्यक केल्या. गूगलनें ही मर्यादा तिच्या टपालघराकडे दिवसास पांच हजार पत्रांची धरली, आणि त्याहून कमी धाडणाऱ्यांसही पहिल्या दोहोंपैकीं एक नोंद तरी लागेल असें ठरविलें. नियम चांगला असला तरी तो करणाऱ्याचा अधिकार कोठून आला, हा प्रश्न राहतोच. दोन सावकारांनीं मिळून गांवच्या वेशीवर जकातनाका बसवावा, आणि तो चोरांसाठीं आहे म्हणून गांवानें मुकाट्यानें मानावा, यांत सोय आहे, स्वातंत्र्य नाहीं. आमचें मत असें कीं, धन्यांनीं स्वतः होऊन आपलें कर्तव्य आधींच केलें असतें, तर सक्ति करण्याची सबब परक्यांस इतक्या सहज मिळाली नसती. जें कर्तव्य आपण होऊन केलें जात नाहीं, तें दुसरा कोणी हुकूम म्हणून लादतो. आणि मग त्याचा पुण्यांश आपला राहत नाहीं.

याहूनही महत्त्वाची एक मर्यादा सांगितली नाहीं तर आमचें विवेचन एकांगी होईल. या तिन्ही नोंदी मिळून जें सिद्ध करितात तें एवढेंच कीं, हें पत्र या नांवाचें आहे. पत्रांतला मजकूर सत्य आहे, किंवा तें नांव बाळगणारा सज्जन आहे, हें त्या सांगत नाहींत आणि सांगूं शकत नाहींत. लबाडानें मूळ नांवांत एक अक्षर फिरवून दिसण्यांत सारखें असें नवें डोमेन विकत घेतलें आणि त्यापुढें तिन्ही नोंदी निर्दोष लिहिल्या, तर त्याचीं पत्रें सगळ्या कसोट्यांस उतरतात. खऱ्या धन्याचा पासवर्डच चोरीस गेला तर चोराच्या पत्रावरही खरी मोहोर उठते. भारतीय रिझर्व्ह बँकेनें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांस 'डॉट बँक डॉट इन' या राखीव शेवटाच्या डोमेनांवर जाण्यास फर्माविलें, तें याच उणीवेचा कांहीं भाग भरून काढण्यासाठीं. तसें नांव बँकेशिवाय दुसऱ्यास मिळतच नाहीं. पण तेथेंही सिद्ध होतें तें बँक असणें, बँकेचा सचोटीचा व्यवहार नव्हे. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकांत सुकीर्तीची महती ज्याच्या तोंडीं घातली आहे तो यागो, म्हणजे त्या नाटकांतील सर्वांत मोठा कपटी पुरुष. तो दुसऱ्याचें नांव घेऊन फिरत नाहीं. स्वतःच्याच नांवानें वावरतो, आणि 'प्रामाणिक' म्हणून ओळखला जातो. आणि 'ध'चा 'मा' झाला या आख्यायिकेकडेही पुन्हां पाहावें. तें अक्षर कोणी बदललें नसतें, मुद्रा-मोर्तबासह 'धरावें' हाच हुकूम गारद्यांच्या हातीं पडला असता, तर तो हुकूम अस्सल ठरला असता. न्याय्य ठरला नसता. पुतण्यास धरावें हाही अपराधच होता, आणि मोहोर शाबूत असल्यानें अपराधाचें पुण्य होत नाहीं.

मग या नोंदींचा नीतीशीं संबंध काय उरला? आमच्या मतें फार मोठा उरला. सत्य हें पुढचें काम आहे. पण जोंपर्यंत कोण बोलतो हेंच कळत नाहीं, तोंपर्यंत बोललेलें खरें कीं खोटें याचा जाब कोणास विचारावयाचा? ज्या दिवशीं पत्रावरचें नांव निःसंशय लिहिणाऱ्याचें ठरतें, त्या दिवसापासून त्याला दोन गोष्टी एकदम प्राप्त होतात : न लिहिलेल्या पत्राचा इनकार करण्याचा हक्क, आणि लिहिलेल्या पत्राचा इनकार न करण्याचें बंधन. आपल्या लोकांस पहिली गोष्ट हवी असते व दुसरी नको असते. नोंदी लिहिण्याच्या कामीं जी टाळाटाळ दिसते, तिच्या मुळाशीं आळस व अज्ञान हीं आहेतच. परंतु प्रसंग पडला तर 'तें पत्र आमचें नव्हेच' म्हणून अंग काढतां यावें, ही सुप्त सोयही कोठें कोठें नसेल असें आम्हांस म्हणवत नाहीं.

सारांश, आरंभींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें. नांवाची चोरी करणारा गुन्हेगार, यांत बदल नाहीं. ज्यास उपाय ठाऊक नव्हता किंवा ज्याच्या आवांक्यांत नव्हता, तो धनी निर्दोष, यांतही बदल नाहीं. परंतु ज्यास उपाय ठाऊक आहे, ज्याला तो एका दुपारच्या श्रमांत व जवळ जवळ फुकट साध्य आहे, आणि तरीही जो आपलें नांव उघडें टाकतो, तो चोराचा साथीदार नसला तरी फसलेल्या माणसाचा कांहीं देणेंकरी होतो. हें देणें कोणत्याही वहींत लिहिलेलें सांपडणार नाहीं, कारण ज्याचें द्यावयाचें तो मनुष्य आपल्या ओळखीचाही नसतो; त्यानें फक्त आपलें नांव वाचलें आणि त्यावर विश्वास ठेवला. सुप्याच्या कारखानदारास हें पटलें तर त्यानें एखाद्या जाणत्या माणसास हातीं धरून आधीं यादी करावी, मग किल्ल्यांची जोडी करावी, आणि कांहीं आठवडे अहवाल वाचून मग दार लावावें. गिऱ्हाइकाच्या हिशेबनिसानेंही खातें बदलल्याचें पत्र आलें असतां, तें सर्व कसोट्यांस उतरलें तरी, एकदां दूरध्वनीवरून खातरी करून घ्यावी; कारण मोहोर तपासण्याचें काम यंत्रावर सोंपवितां येतें, सारासार पाहण्याचें येत नाहीं.